लव्हाळ्याची गाठ

बायको गेली आणि तिच्या बागेला पाणी घालणं माझ्याकडे आलं. दोन महिने मी सगळ्यांना सारखंच पाणी घातलं. शेवंतीच्या वाफ्यात हिरवीगार पात दाटली, तेव्हा मनातून सुखावलोही. काल निंदायला आलेल्या कमलबाईंनी ती पात बघून कपाळाला हात लावला.

"काका, हा लव्हाळा आहे. शेवंती पार दबली की त्याच्याखाली."

मी एक पात ओढली, ती अलगद हातात आली.

"असं नाही. खालची गाठ राहिली की परत येतो," म्हणत त्यांनी खुरप्यानं मातीतली काळी गाठ उकरून दाखवली.

इतक्या वर्षांत या बागेत मला तण कधी दिसलंच नव्हतं, मग ओळखणार कसं? जमीन आपली आपणच स्वच्छ राहते, असं मी धरून चाललो होतो. सकाळी ती वाफ्यापाशी बसलेली असायची. पेपरातून डोकं वर न काढता मी विचारायचो, "एवढा वेळ काय करतेस तिथं?" ती म्हणायची, "काही नाही."

आज सकाळी मी खुरपं घेऊन बसलो. कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी विचारलं, काय चाललंय. गाठ नुकतीच बोटांना लागली होती.

"काही नाही," मी म्हणालो.