आज कडक ऊन

चष्म्याच्या त्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाईंना वर्षानुवर्षं येणारी गिऱ्हाइकंसुद्धा ओळखत नव्हती. पुढे काउंटरवर मालक गोड बोलून नंबर तपासायचे, आणि पडद्यामागे बाई फिरत्या चाकावर, पाण्याच्या धारेखाली काच धरून तिची कड फ्रेमच्या मापाला आणायच्या. केसभर जास्त घासली तर काच फ्रेममधून निसटते, कमी घासली तर बसवताना तडकते. तीस वर्षांत बाईंच्या हातून तडकलेल्या काचा बोटांवर मोजण्याइतक्या. वय बावन्न, लग्न केलं नाही, घरी विधवा थोरली बहीण, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. मालक म्हणायचे, "बाई ज्या दिवशी दहा शब्द सलग बोलतील, त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करीन."

याच मुखदुर्बळ बाईंचा शब्द साडेतीनशे माणसं झेलतात असं कुणी मालकांना सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याचाच नंबर तपासायला घेतला असता.

त्याचं असं झालं. डोंगरावरच्या हवामान केंद्रात अडकलेल्या पाच माणसांची एक मालिका बारा वर्षांपूर्वी टीव्हीवर लागायची. एकोणिसाव्या भागात केंद्राचं दार बर्फाखाली गाडलं गेलं, माणसं आतून दारावर थापा मारत राहिली, आणि वाहिनीने मालिका तिथेच गुंडाळली. ज्यांना हे सहन झालं नाही ते एका समाजमाध्यमावर जमले आणि पुढचे भाग स्वतःच लिहायला लागले. गटाचं नाव 'वेधशाळा'. गटप्रमुख आमच्या बाई. तिथे त्यांना सगळे काकी म्हणत.

गटात रोज सकाळी प्रत्येकाने आपल्याकडची हवा नोंदवायची, मालिकेतली माणसं नोंदवायची तशी. सुरुवातीला ती नुसती गंमत होती. मग एकीने लिहिलं, 'घरात मळभ', आणि नवरा आठ दिवस बोलत नाहीये हे सगळ्यांना न सांगता कळलं. हळूहळू 'बर्फ' म्हणजे घरात मारहाण, हे ठरूनच गेलं. उघड लिहायची सोय नव्हती. 'मारलं', 'कोंडलं', 'रक्त' असे शब्द दिसले की त्या माध्यमाच्या कंपनीचं यंत्र मजकूर पुसून टाकायचं. शिवाय घरातलं कुणी खांद्यावरून डोकावलंच, तर बर्फात त्याला काय सापडणार? आणखी एक नियम पक्का होता: नाव, गाव, पत्ता कुणी कुणाला विचारायचा नाही, खासगी निरोपाची सोय सगळ्यांनी बंद ठेवायची. एकदा एका बाईचा नवरा खोट्या नावाने गटात शिरला होता आणि त्याने तिला हुडकून काढलं होतं. त्या दिवशी काकींनी हा नियम केला.

गटात 'थेंब' नावाची एक मुलगी होती. सतरा वर्षांची, घरात थोरला भाऊ, एवढंच माहीत. तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी तिने लिहिलं, 'बर्फ. दार बाहेरून बंद.' सहा तास गटाने तिला एकटं सोडलं नाही. एकामागून एक जण मालिकेचा नवा भाग ओळ-ओळ लिहीत गेला आणि ती मधूनमधून 'मग?' विचारत राहिली. संध्याकाळी तिची मावशी आली, दार उघडलं, तेव्हा कुठे काकींचा जीव भांड्यात पडला.

आणि या गटावर ताकिदी यायला लागल्या. गेल्या आठवड्यात पहिली, काल संध्याकाळी दुसरी. 'बर्फ' हे म्हणे कुठल्याशा नशेच्या पदार्थाचं टोपणनाव आहे. यंत्राने सुतावरून स्वर्ग गाठला होता. तिसऱ्या ताकिदीला गट कायमचा बंद, दाद मागायची असल्यास दीडशे अक्षरांत मागावी. बाईंनी दीडशे अक्षरांत हात जोडले. चार सेकंदांत उत्तर आलं, 'आपले म्हणणे आम्ही काळजीपूर्वक वाचले आहे. निर्णय कायम.' चार सेकंदांत काळजीपूर्वक! मेल्यांना लिहितानासुद्धा लाज वाटली नाही.

बाईंची पाचावर धारण बसली. सकाळी घाईघाईने त्यांनी फर्मान काढलं: आजपासून 'बर्फ' हा शब्द कुणी लिहायचा नाही, त्याच्या जागी 'ऊन' लिहायचं. उन्हावर कोण कशाला संशय घेईल? आपल्या हुशारीवर खूश होत त्या कामाला आल्या.

साडेदहाला थेंबाने नोंद केली, 'आज कडक ऊन.'

बाईंच्या हातात तेव्हा एक जाड, अवघड काच होती. ओले हात पुसत त्यांनी फोनवर नजर टाकली. खिडकीबाहेरही लख्ख ऊन पडलं होतं. त्यांनी लिहिलं, 'वा! मजा कर,' खाली लाल बदाम टाकला, आणि पुन्हा चाकाशी बसल्या. थेंबाचं उत्तर आलं, 'बरं.'

दीड वाजता मालक जेवून परत आले आणि पडदा सारून म्हणाले, "काय कडक ऊन आहे हो आज, बाई!"

काच तडकली. बाईंना चाक बंद करायचंही सुचेना. नियम आपणच केला आणि कामाच्या नादात आपणच विसरलो. त्या पोरीने मार खाऊन आपल्याला हाक मारली, आणि आपण तिला मजा कर म्हणालो! त्यांनी फोन उघडला. खाली चाळीस नोंदी होत्या. 'आमच्याकडेही ऊन!' 'आज कपडे छान वाळतील.' निम्म्यांनी फर्मान वाचलंच नव्हतं. कुणाचं ऊन खरं आणि कुणाचं दुसरं, काही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी लिहिलं, 'थेंब, ऊन म्हणजे कुठलं ऊन?' पाच मिनिटं गेली, दहा गेली. उत्तर नाही.

त्यांनी बहिणीला फोन लावला.

"ताई, एक मुलगी आहे. तिला मारलंय गं. मला काहीतरी करायला पाहिजे."

"अगं, कोण मुलगी? नाव काय तिचं?"

"माहीत नाही."

"राहते कुठे?"

"माहीत नाही. विचारायचं नाही, असा नियम आहे."

"हा शहाणपणाचा नियम कुणी केला?"

"मीच," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

ताई म्हणाली, "मग मोड तो. रडतेस काय?"

मोडायचा म्हणजे सरळ लिहायचं, आणि आपला फोन नंबर द्यायचा. दोन्ही गोष्टी यंत्राला चालत नाहीत. म्हणजे गट गेला. त्या साडेतीनशे जणांत आणखी चार-पाच थेंब होते, आणि उद्या त्यांच्याकडे बर्फ पडला तर ते सांगणार कुणाला? घाईत बाईंचा स्वतःचाच नंबर तीनदा चुकला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'थेंब, तुला मारलंय का? कोंडलंय का? हा माझा नंबर. आत्ता फोन कर.' आणि पाठवून दिलं.

दोन मिनिटं मजकूर तिथे दिसत होता. मग पान पांढरं झालं. 'हा गट आता अस्तित्वात नाही.'

बाई फोन हातात घेऊन बसून राहिल्या. तिने वाचलं असेल का? की फोन भावाच्या हातात आहे, आणि वाचलं ते त्याने? मालकांना आता सगळं सांगणं भागच होतं. त्यांनी अडखळत सांगितलं. मालक पुढच्या दाराला कडी लावून स्टूल ओढून शेजारी बसले.

अडीचच्या सुमाराला अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे नुसता श्वास.

"बोल बाळा. मी काकी."

"मला वाटलं, तुम्हालाही खोटं वाटतंय." आवाज बारीक आणि घोगरा होता. "तुम्ही मजा कर म्हणालात ना."

"चुकलं गं माझं. चुकलं. तू आधी पत्ता सांग."

"दादा खाली गेलाय. कुलूप लावून गेलाय. डावा हात हलत नाहीये, काकी."

"पत्ता सांग, राणी."

ती कुजबुजत सांगत गेली आणि बाई काचेवर खुणा करायच्या पेनाने पाकिटावर लिहीत गेल्या. शहर दोन तासांवरचं होतं. मालकांनी पाकीट ओढून घेतलं, पुढच्या खोलीत जाऊन पोलिसांना फोन लावला आणि पत्ता दोनदा ओरडून सांगितला.

"निघालेत ते," बाई म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस. माझ्याशी बोलत राहा."

"काकी, वेधशाळा दिसत नाहीये. तुमचा नंबर हातावर लिहून घेतला आणि तेवढ्यात सगळं गेलं."

"दुरुस्ती चालली असेल काहीतरी."

"बाकीच्यांना सांगा ना, माझा फोन लागला म्हणून. काळजी करत असतील सगळे."

"सांगते हं," बाई म्हणाल्या.

त्यांतल्या एकाचंही खरं नाव त्यांना माहीत नव्हतं.