हो, हो

गेली कित्येक वर्षं मी हे सांगायचं टाळलं. अमेरिकेत, सांता क्लाराच्या बागेत भेटणारा चिनी म्हातारा भ्रमिष्ट आहे, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. तो भ्रमिष्ट नव्हता.

रोज सकाळी तो बाकावरची माझी जागा रुमालाने पुसायचा आणि चीनमधल्या एका राष्ट्रीय उद्यानाचे फोटो दाखवायचा. ढगांतून वर आलेले दगडी सुळके, कड्याला चिकटलेल्या पायऱ्या. मग स्वतःकडे, माझ्याकडे आणि सुळक्यांकडे बोट करून काहीतरी विचारायचा. मला एक अक्षर कळत नसे. मी आपला म्हणायचो, "हो, हो."

एके दिवशी तो मुलीला घेऊन आमच्या दारात आला. हातात दोन काठ्या होत्या, एक माझ्या उंचीची. मुलीने माझ्या सुनेला इंग्रजीत विचारलं, "अंकलचा पासपोर्ट रेडी आहे ना? बाबा रोज विचारतात, बरोबर येणार का. हे रोज 'हाओ' म्हणतात." चिनीत हाओ म्हणजे ठीक आहे.

मी बाथरूममध्ये शिरलो.

"बाबा, तुम्ही चीनला निघालात?" सून दाराबाहेरून म्हणाली.

"त्याचं डोकं फिरलंय. मला ताप आहे म्हणून सांग."

तो एकटाच गेला. परतल्यावर त्याने नवा फोटो दाखवला. सुळक्यांपुढे तो उभा होता आणि शेजारी कठड्याला माझी काठी टेकवलेली होती. नातीच्या चिनी मैत्रिणीकडून माफीचा शब्द मी पाठ करून गेलो होतो. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, काळजीने काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, हो."