साडेतीनचा सामना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझे बाकीचे सगळे गुण पाठ आहेत, म्हणजे अवगुणच. हा एक तेवढा तिच्या नजरेतून सुटला. आता तुम्हाला का सांगतोय? खरं सांगायचं तर मलाही नीट कळत नाही.

कराडजवळच्या एका कॉलेजात मी खेळाचा मास्तर आहे. कागदोपत्री पद मोठं आहे, पण मुलं 'पीटीचे सर' म्हणतात आणि तेच बरं वाटतं. आमच्या भागात माझं नाव झालं ते एका वेळापत्रकामुळं. पूर्वी कॉलेजच्या मुलींची कबड्डी म्हटली की साताऱ्याचा संघ मिरजेला, मिरजेचा वाईला, वर दोन-दोन मुक्काम. खर्च झेपेना, म्हणून कॉलेजं संघच पाठवेनाशी झाली. मग मी चार स्टँडवर उभा राहून एसटीच्या वेळा उतरवून घेतल्या आणि जवळजवळची चार-चार कॉलेजं एका गटात घातली. सकाळी एसटीनं यायचं, खेळायचं, संध्याकाळी घरी. सगळ्यांनी पाठ थोपटली. योजना चांगलीच होती — त्यात खोटं काही नव्हतं.

मग खोटं कुठं होतं?

बारा वर्षांपूर्वी आमच्या गटाचे सामने उंब्रजला होते. गटात विट्याचा संघ होता. त्यांची कप्तान राजश्री — काटकुळी, शांत पोरगी, पण चढाईला आली की दोघीतिघींना बाद करूनच परतायची. शेवटचं वर्ष होतं तिचं. गट जिंकला असता तर पुढच्या फेरीत निवड समितीनं तिला पाहिलं असतं. विद्यापीठाच्या संघात गेली असती. पोलीस भरतीची तयारी करत होती ती, तिथं विद्यापीठाकडून खेळल्याच्या प्रमाणपत्राची तिला फार गरज होती. हे मला माहीत होतं का? होतं. तिनंच सांगितलं होतं, आदल्या वर्षी, हसत हसत.

आणि माझा संघ सहा वर्षं गट जिंकला नव्हता. प्राचार्य स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणायचे, "काय सर, यंदा पण प्रेक्षक का?" सगळे हसायचे. मीही हसायचो. — नाही, हे कारण म्हणून सांगत नाही. तसं वाटलं असेल तर सोडून द्या.

विट्याच्या निम्म्या मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या. विट्याहून त्यांच्या गावांकडं एकच मुक्कामी गाडी जायची, साडेसहाची. ती गाठायची तर उंब्रजहून पावणेचारला निघायलाच हवं. हा हिशेब समितीत एकट्या मला ठाऊक होता. वेळा मीच उतरवल्या होत्या ना.

आमचा आणि विट्याचा सामना मी आधी साडेबाराला लावला होता. मग तो खोडला आणि साडेतीनला लावला. निर्णायक सामना शेवटीच शोभतो, असं मी समितीला सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. माझ्या वेळापत्रकावर कोण हरकत घेणार?

त्या दिवशी पाहुण्यांची भाषणं लांबली. ती लांबतातच, तेही मी धरलं होतं. तीन वाजले तरी आमच्या आधीचे दोन सामने व्हायचे होते. विट्याच्या मुलींबरोबर आलेले सर रसायनशास्त्राचे, नवीन, बावरलेले. त्यांनी सगळं राजश्रीवरच सोडलं होतं. ती माझ्याकडं आली.

"सर, आमचा सामना आधी घेता का? मुक्कामी गाडी जाईल वो. पोरींच्या घरचे लय बोलतील, परत खेळाया सोडणार न्हाईत."

मी हातातला कागद तिच्यापुढं धरला. म्हणालो, "वेळापत्रक छापलंय बाळ. आता कसं बदलणार?"

बाळ म्हणालो मी तिला.

तिनं कागदावरची वेळ वाचली. मग मुलींना म्हणाली, "चला, पिशव्या उचला." दोघीतिघी रडत होत्या, थांबूया म्हणत होत्या. तिनं ऐकलं नाही. न खेळताच माझ्या संघाला पुढे चाल मिळाली, गट आमचा झाला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. ही योजना आता सगळ्या खेळांना लागू झाली आहे. दर वर्षी वेळापत्रक मीच बसवायचं, हे ठरूनच गेलंय. नको म्हटलं तर लोक विचारतात, का? काय सांगू? वाटलं होतं वय झालं की सुटू, पण नव्या मास्तरांना वेळापत्रक शिकवायलाही मलाच बोलावतात.

सत्काराला राजश्री आली होती. विट्याकडं एका शाळेत करारावर खेळ शिकवते. भरतीचं वय निघून गेलं. माझ्या पाया पडली.

"तुमी एका दिवसात सामने बसवलं म्हणून आमच्या घरच्यांनी खेळाया सोडलं, सर. न्हाईतर आमी कवाच चुलीपुढं बसलो असतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या दिवशी थांबाया पायजे हुतं मी. अजून दोघीजणी माझ्याशी बोलत न्हाईत. माझ्यामुळं समद्यांचं वरीस गेलं. चूक माझीच हुती."

तेव्हा तरी बोलायचं ना? गळ्यात हार होता, शाल होती, समोर ती होती.

मी म्हणालो, "खेळात असं व्हायचंच."

ती मान हलवून गेली. तिला तेवढ्यानं बरं वाटलं, हे मला दिसलं.

त्या वेळापत्रकाचा कच्चा कागद अजून माझ्या कपाटात आहे. पेन्सिलीनं लिहिलेलं साडेबारा खोडलं तरी उमटलेलं दिसतं. अक्षर माझं आहे.