सावकाश मरणारा माणूस

वडसा स्टेशनाजवळच्या चहाटपरीवर तो रोज दुपारी माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. झाडीपट्टीच्या नाटकात तो दर हिवाळ्यात मरायचा, आणि इतका सावकाश मरायचा की तेवढ्यात माणसानं धान कापून, मळून, भात शिजवून घ्यावा! बोलताना त्याचा हात आपोआप छातीवर जायचा. सुरा तिथेच लागायचा ना!

एकदा मी नव्या सिनेमाची तारीफ करत होतो. "भाऊ, काय रगत! पडद्यावरून असं वाहत आलं, का माझी चप्पल वाहून गेली!"

तो हसला नाही. "तुमच्यासारख्यायले पाहूनच आमच्या मालकानं लाल रंगाची पिशवी आणली. ते फुटली का पोट्टे शिट्ट्या मारतेत, 'पुन्हा मर' म्हणतेत. माझं मरतानाचं बोलणंच काढून टाकलं."

"लोकायले रगतच पायजे, भाऊ."

"पहिले रगताचा थेंब नव्हता. मी पाणी मागो, तं एखादी बाई खरंच गडवा घेऊन स्टेजवर चढे. आता मले पाणी कोणी आणत नाई."

"ते बोलणं इथी म्हणा ना," मी म्हटलं.

त्यानं कप खाली ठेवला, छातीवर हात दाबला, श्वास घेतला. तेवढ्यात टपरीवाल्याच्या मोबाईलवरच्या सिनेमात कुणाचं तरी मुंडकं उडालं. सगळे तिकडे वळले. खोटं कशाला सांगू, माझीही मान वळली.

परत पाहिलं, तर तो उरलेला चहा पीत होता. मरताना तो काय म्हणायचा, ते मला अजून माहीत नाही.