फौजी काकांचं पान

देवळाली कॅम्पातल्या टपरीवर एक निवृत्त फौजी रोज लॅपटॉप घेऊन बसायचे. बटणं अशी हाणायचे, की पार सटाण्याच्या कांदाचाळीतले कांदे घरंगळावेत! घर सोडून गेलेल्या मुलासाठी त्यांनी व्हिडिओ बघत बघत शिकून स्वतःच वेबसाइट बनवली होती. मुलाचा फोटो, आणि खाली : 'परत ये. आता हात उगारणार नाही.'

"कवाच टाकलंय. बघत असंल, पण येत नाय," ते एकदा मला म्हणाले.

मी वेबसाइटचा पत्ता माझ्या मोबाइलवर टाकला. पान उघडेचना.

"काका, हे फक्त तुमच्याच लॅपटॉपवर दिसतं. इंटरनेटवर चढवायचं राहिलंय."

आता हे मला तोफेच्या तोंडी देणार! पण काका बोटानं फोटोवरची धूळ पुसत राहिले.

"म्हंजे त्यानं वाचून टाळलं नाय."

मग बटणं पहिल्यांदाच हळू वाजली.