कायदा फुकट वाचायला मिळतो

भाऊजींची नोकरी गेली ती एका ई-मेलने, आणि त्या ई-मेलखाली हॉलंडमधल्या एका गावाचा पत्ता होता. भाऊजी त्या गावात कधी गेले नव्हते. ते रोज एस-बान लोकलने स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात जात आणि ब्रेकचे भाग डिझाइन करत. पगार देणारी एजन्सी मात्र डच, आणि कराराच्या शेवटी एक ओळ: या कराराला डच कायदा लागू राहील. सही करताना असली ओळ कोण वाचतं? मी वाचली नसती. तुम्हीही नाही.

त्या हिवाळ्यात गाड्यांचा धंदा बसला होता आणि सगळ्यात आधी कंत्राटी माणसं बाहेर काढली जात होती. माझ्या मावसबहिणीने, म्हणजे ताईने, मला डार्मश्टाटला फोन केला. मी तिथे शिकत होते.

"तू कॉलेजात पत्रकं लिहायचीस ना? मग तुला कायद्यातलं कळत असेल."

पुण्यात मी खरंच पत्रकं लिहायचे. फीवाढ, होस्टेलचं पाणी, झाडूवाल्यांचं कंत्राट. आमच्या विद्यार्थी संघटनेची शिकवण साधी होती: समोरच्याला नाकारता येणार नाही असं एक वाक्य शोधा, ते ठळक छापा, खाली मागणी लिहा. कायदा कळायला एवढं पुरतं अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

प्रश्न फक्त नोकरीचा नव्हता. जर्मनीत राहायचा परवाना त्या नोकरीलाच बांधलेला होता. दुसरी मिळाली नाही तर तिघांनी परत जायचं. जर्मनीत येऊन तीन वर्षं झाली होती, या एजन्सीत मात्र काही महिनेच. त्यांची मुलगी उन्हाळ्यानंतर पहिलीत जाणार होती, आणि ताईने मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

आधी आम्ही जर्मन दार ठोठावलं. कामगार संघटनेच्या सल्ला केंद्रातली बाई भली होती. "या एजन्सीत सहा महिने झालेले नाहीत? तर मग इथला कायदा तुम्हाला फारसं काही देत नाही. पण तुमचा करार डच आहे ना? तिथे बघा."

तिथे बघा! जणू हॉलंड म्हणजे शेजारच्या खोलीतलं कपाट.

मी बघायला बसले. विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून एका डच विद्यापीठाचं इंग्रजी पान शोधून काढलं. डच आणि आंतरराष्ट्रीय कायदा कुठे शोधायचा याची ती वाटाड्यासारखी यादी होती: कायदे इथे, निकाल तिथे, संसदेतल्या चर्चा अमुक ठिकाणी, देशोदेशींचे करार तमुक ठिकाणी. मी हरखून गेले. पुण्यात आम्ही अप्पा बळवंत चौकातून जुनी कायद्याची पुस्तकं घासाघीस करून आणायचो, आणि इथे एका देशाचा अख्खा कायदा कोणालाही उघडा! फुकट!

फक्त तो डचमध्ये होता. जर्मन येत असलं की डच अर्धंमुर्धं कळतं, आणि नेमकं हवं ते उरलेल्या अर्ध्यात असतं. भाषांतर करून देणारी साइट इंग्रजी द्यायची, पण त्या इंग्रजीत क्रियापद कर्त्याला शोधत फिरायचं. जाणकारांचे लेख होते, त्यांना कुलूप. फक्त त्यांच्याच विद्यापीठाच्या संगणकांवर उघडणार. म्हणजे कायदा सगळ्यांचा, आणि त्याचा अर्थ वर्गणीदारांचा. संतापाने मी त्या स्क्रीनला मराठीत शिवी दिली. शेजारच्या मुलाने वळून पाहिलं.

पण सापडलं. सरकारी कार्यालयाच्या परवानगीशिवाय मालकाला कामगाराला काढता येत नाही. काढलंच तर ते काढणं कामगाराला रद्द ठरवता येतं. भाऊजींना काढताना परवानगीचं नावही कोणी घेतलं नव्हतं. मी ते वाक्य पिवळ्या मार्करने रंगवलं आणि रविवारी प्रिंटआउटचा गठ्ठा घेऊन स्टुटगार्टला गेले.

"अहो, बघा तरी काय आणलंय तिने," ताई म्हणाली. तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी जीव आला होता.

भाऊजींनी वाचलं. चहा प्यायले. मग म्हणाले, "टेस्ट झालंय का हे?"

"म्हणजे?"

"डिझाइन कागदावर नेहमीच चालतं गं. गाडीवर कधी चाललं का? आमच्यासारखी एखादी केस?"

मला राग आला. माणसाच्या बाजूने लढायला जावं तर तोच पुरावे मागतो! पण मी परत जाऊन निकालांची साइट उघडली. शब्दकोश घेऊन, ओळीओळीने. तसा निकाल होता. कायदा डच, काम परदेशात, माणूस डच नाही. न्यायालय म्हणत होतं, त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं होतं, की परवानगीचा तो नियम हॉलंडच्या नोकरीबाजारासाठी आहे. नोकरी गेल्यावर जो माणूस त्या बाजारात येऊन उभा राहणार नाही, त्याच्यासाठी तो नाही.

म्हणजे करार त्यांच्या कायद्याचा, पण त्या कायद्याच्या आत आम्ही नाही. फार तर भरपाईसाठी भांडता आलं असतं. नोकरी नाही, आणि परवाना तर नाहीच.

मग मी आंतरराष्ट्रीय भागात शिरले. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा एक मोठा करार आहे. त्यातली वाक्यं इतकी देखणी की वाटावं आपल्यातल्याच कोणी लिहिलीत. मग तो मान्य केलेल्या देशांची यादी उघडली. जर्मनी नाही. हॉलंड नाही. भारतही नाही. तिन्ही देशांना आम्ही चालत होतो, फक्त करारात नको होतो. पत्रकाच्या शेवटी मागणी असते, आणि मागणी कोणाकडे तरी करायची असते. मला ते नावच सापडेना.

हे ताईला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. जाऊनच सांगितलं. ती उठून कणीक मळायला लागली. भाऊजी म्हणाले, "ब्रेक फेल," आणि आपणच जरासे हसले.

त्यानंतर महिनोन्महिने अर्ज झाले. एकही नोकरी लागली नाही आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून जाण्याची तारीख आली.

घर सोडायच्या आधी ताईने विचारलं, "भिंती रंगवून द्यायच्या असं भाड्याच्या करारात आहे. हे बघ ना तुझ्या इंटरनेटवर."

बघितलं. पटकन सापडलं. अमुक वर्षांनी रंगवायलाच हवं असं छापील कलम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवलं होतं. स्वच्छ जर्मनमध्ये, भाडेकरूच्या बाजूने. इतक्या महिन्यांत कायदा पहिल्यांदा आमच्याकडून बोलला, तो रंगाबद्दल.

"भाऊजी, रंगवायचं काही कारण नाही. मी घरमालकाला लिहून देते."

"राहू दे गं," ते म्हणाले. रोलर आधीच हातात होता. "घरी बसून करू तरी काय?"

ताई फरशीकडे बघत होती. "तुझे ते कागद अंथरू का खाली? थेंब पडतायत."

"अंथर."

तिने डच कायदा खोलीभर पसरला. पिवळं वाक्य दाराजवळ आलं. मुलगी त्यावर गुडघे टेकून बसली. तिला अक्षरं नुकतीच येऊ लागली होती. तिने जर्मनमध्ये मला विचारलं, इथे काय लिहिलंय?

"परवानगीशिवाय काढता येत नाही, असं लिहिलंय."

"कोणाला?"

मी ताईकडे पाहिलं. ताई बादली उचलून आत गेली. भाऊजींचा रोलर भिंतीवर चालूच होता.