झुंबरदादांची उतरंड

“रिकाम्या हातानं कुणी घरी जायचं नाय, आन् भरल्या हातानं कुणी एकटं पडायचं नाय.”

झुंबरदादा गांगुर्डे हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलत. टेम्पोतून खोकी उतरवताना बोलत, चहाचा कप तोंडाला लावण्याआधी बोलत, कॅमेऱ्यासमोर कुणी ओढून आणलं तर तिथेही एवढंच बोलून बाजूला होत. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ माळकरी दिसतात. मंजुषाला ठाऊक होतं, दादा बक्षिसांबद्दल बोलताहेत.

मंजुषा ‘गोदाई’ या नाशिकच्या केबल वाहिनीवर ‘चला वहिनी, डाव मांडा’ हा खेळ सादर करायची. हसायची ती, बोलायची ती, रस्त्यात बायका ओळखायच्या तिला. पण त्या खेळाची बक्षिसं कोणती, किती आणि कोणत्या क्रमाने, हे सगळं पडद्यामागे उभे असलेले झुंबरदादा ठरवत. नऊ वर्षं ठरवत आले होते. शिक्षण सातवी. ही विद्या त्यांना मिळाली ती चांदवडच्या आसपासच्या जत्रांतून.

त्यांचे वडील जत्रेत रिंगांचा खेळ मांडत. लाकडी रिंग फेकायची, ज्या वस्तूभोवती पडेल ती वस्तू फेकणाऱ्याची. पुढच्या ओळीत साबण आणि कंगवे, मधल्या ओळीत कपबश्या, मागे एकटं भिंतीवरचं घड्याळ. लहानगा झुंबर पाय दुमडून कडेला बसायचा आणि रिंगांकडे न बघता माणसांकडे बघायचा. साबण मिळालेला माणूस हसत का जातो, कपबशी मिळालेला पुन्हा का येतो, आणि घड्याळ जिंकलेल्याकडे त्याचेच सोबती तिरप्या डोळ्यांनी का बघतात, हे त्याच्या मनात त्या वयात मुरलं. वडील संध्याकाळी वस्तू पुन्हा मांडताना म्हणायचे, घड्याळ लांब ठेव, पण इतकं लांब नको की माणसाची आशाच सुटेल.

दादा आपल्या मांडणीला उतरंड म्हणत. “घरात मडक्यांची उतरंड असते ना, मंजू? सगळ्यात मोठं मडकं तळाला. तळ रुंद, तर वरचं टिकतं. टीव्हीवाले उलटं रचतात. वर डोंगर, खाली वाटी. मग पडंल नाय तर काय हुईल?”

त्यांच्या खेळात बारा जणी उतरत. नऊ जणींना चांगला जाड पत्र्याचा डबा, झाकण घट्ट बसणारं. वरच्या तिघींना त्याहून मोठं, पण एकदम मोठं नाही. ते म्हणत, पायरी अशी असावी की खालच्यानं वर बघितलं तर मान दुखू नये. एकदा एका जाहिरातदाराने पहिलीला स्कूटर आणि बाकीच्या अकरा जणींना चहाची गाळणी द्यायचं ठरवलं. दादांनी खोकी उघडलीच नाहीत. “एका घरात गाडी आन् अकरा घरांत भांडण. मला नाय जमायचं,” म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. शेवटी स्कूटर परत गेली. त्या दिवशी मंजुषाला वाटलं होतं, या माणसाजवळ राहून आपण काहीतरी शिकतोय.

बक्षिसं ठरवण्याची त्यांची रीतही त्यांचीच. सातपूरच्या आपल्या घरात ते जमिनीवर चादर पसरत, वस्तू मांडत, आणि बायको लताबाई गल्लीतल्या आठ-दहा जणींना बोलावून आणत. दादा विचारत, “बोला वहिनी, यातलं काय उचलाल?” जिच्यावर सगळ्यात जास्त बोटं पडत, ती वस्तू पहिल्या क्रमांकाला. येवल्याची पैठणी चादरीवर असली की प्रश्नच मिटायचा. सगळी बोटं तिकडेच जायची.

नवव्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी महाअंतिम फेरी होती. पैठणी रावजीशेठ या साडीच्या व्यापाऱ्याने दिली होती. दुसऱ्या क्रमांकाला दादांनी शिलाई मशीन ठेवलं, तिसऱ्याला मिक्सर. चादरीभोवती बायका बसल्या, बोटं पैठणीवर पडली, चहा होऊन बायका गेल्या.

लताबाई कप उचलता उचलता म्हणाल्या, “अहो, चारचौघीत विचारलं की बाई पैठणीच म्हणती.”

“मग काय एकेकीच्या घरी जाऊन विचारू?”

“घरी नाय, नळावर विचारा. बादली भरताना बाई खरं बोलती. मशीन पायजे असं हितं म्हणली, तर उद्या गल्ली म्हणंल, हिच्या घरात काय नाय वाटतं.”

दादा हसले. “तू काय मला उतरंड शिकवती? बाप जत्रेत हुता माझा.”

“हां, बाप जत्रेत हुता. बाईच्या पोटात नव्हता,” लताबाई म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या. मंजुषा तिथेच होती. तीही हसली होती.

सिडकोतल्या एका मंगल कार्यालयात चित्रीकरण होतं. दहा जणी बाद झाल्या. डबे वाटून झाले, मिक्सर वाटून झाला. उरल्या दोघी. एक निकिता, इंदिरानगरची, हसरी, नवऱ्याने पुढच्या रांगेतून शिट्टी वाजवली की लाजणारी. दुसरी रोहिणी, अंबडच्या चाळीतली, शांत. पदर खांद्यावर पिनेने पक्का लावलेला. शेवटच्या डावाआधी मंजुषा तिचा माईक नीट करत होती, तेव्हा रोहिणी हळूच म्हणाली, “ताई, एक सांगू? हसू नका. माझा दुसरा नंबर आला पाहिजे.”

“दुसरा? वेडी का तू? पहिला म्हण की.”

“पैठणी नेसून कुठं मिरवू? मला मशीन पाहिजे. यांच्या कंपनीतल्या शिफ्ट बंद झाल्यात. इथल्या एका शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळतंय, पण तिथल्या बाई म्हणाल्या, एक जूनला घरात स्वतःचं मशीन दिसलं पाहिजे. आत्तापर्यंत दुसऱ्याच्या दुकानात बसून शिवते. तिथं त्यांचं काम आधी.” मग तिने निकिताकडे एकदा बघून घेतलं. “कुणाला सांगू नका हं.”

मंजुषाने डोळे मिटून मान हलवली. आणि पाचच मिनिटांनी, पाणी प्यायला पडद्यामागे गेली तेव्हा, दादांना सांगून टाकलं. वाईट मनाने नाही. गंमत म्हणून. “दादा, तुमच्या उतरंडीत एक बाई खालच्या मडक्यासाठी भांडतेय बरं का!”

तिला वाटलं दादा हसतील. दादा हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“म्हंजी मुद्दाम हरणार?”

“असंच दिसतंय.”

“माझ्या खेळात?”

शेवटचा डाव होता सुया ओवण्याचा. एका मिनिटात ज्या बाईने जास्त सुयांत दोरा ओवला, ती जिंकली. दादांनीच काढलेला डाव. मंजुषाने एक-दोन-तीन म्हटलं आणि कडेला बसलेल्या वादकाची पेटी वाजू लागली. निकिता घाईत सुया पाडत होती, तरी एकेक सुई ओवली जात होती. आणि रोहिणी, जी आठ वर्षं पिको-फॉल करून घर चालवत होती, जिने डोळे मिटून अंधारातही दोरा ओवला असता, तिच्या हातून दोरा सुईच्या नाकाला शिवून पुन्हा पुन्हा बाजूला जात होता. ती दोरा तोंडात धरून ओला करत होती, चिमटीत पिळत होती, आणि पुन्हा चुकवत होती. समोरच्या बायका तिला टाळ्या वाजवून धीर देत होत्या. मंजुषा हसू दाबत सुया मोजत होती.

पेटी थांबली. निकिताच्या सात, रोहिणीच्या दोन. निवाडा झाला होता, फक्त नाव घ्यायचं राहिलं होतं. तेवढ्यात पडद्याच्या फटीतून दादांचा हात आला. हातात चिठ्ठी होती. दादांचं ते ठळक, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर. पहिला क्रमांक, शिलाई मशीन. दुसरा क्रमांक, पैठणी.

मंजुषाने पडद्याकडे पाहिलं. दादा कुजबुजले, “बाया जिच्यासाठी भांडत्यात ती वस्तू वरच पायजे. मी चुकलो हुतो. दुरुस्त केलं. वाच.”

मंजुषाला तेव्हाच कळलं होतं की हे बरोबर नाही. दादांनी वस्तू बरोबर लावल्या होत्या, पण डाव संपल्यावर लावल्या होत्या. रिंग हातातून सुटल्यावर घड्याळ हलवण्यासारखं होतं ते. कॅमेरा चालू होता, रावजीशेठ दुसऱ्या रांगेत बसून मान वर करत होते, लोक टाळ्यांसाठी हात उचलून बसले होते. तिने चिठ्ठी खिशात घालायला हवी होती. तिने ती वाचली.

निकिताचं तोंड आधी उतरलं, मग नवऱ्याने शिट्टी वाजवली म्हणून ती हसली. रोहिणीच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. एवढंच की तिचे हात, जे मघापासून पदराच्या टोकाशी खेळत होते, ते थांबले. रावजीशेठ वर आले, पैठणी दुसऱ्या क्रमांकाला गेली म्हणून धुसफुसतच त्यांनी ती तिच्या हातात दिली. रोहिणीने काठ उलटा करून अंगठ्याने चाचपला. शिवणाऱ्या बाईची सवय. “काठ छान आहे,” ती म्हणाली. मग मंजुषाकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

सामान आवरताना मंजुषाने दादांना गणवेशाचं, शाळेचं, एक जूनचं सगळं सांगितलं. मघाशी फक्त गंमत सांगितली होती. उरलेलं आता सांगितलं.

दादा खोक्यावर बसून ऐकत राहिले. “हे तू आधी का नाय बोलली?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” मंजुषा म्हणाली. खरं तर तिनेच ते महत्त्वाचं मानलं नव्हतं.

निकिताकडे जाऊन अदलाबदल करता आली असती. इंदिरानगर काही लांब नाही. पण दादांना जायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी म्हणाले, मांडणी बरोबरच हुती. दुसऱ्या दिवशी म्हणाले, खेळात खोटं खेळायचं नसतं, तिलाही कळू दे. तिसऱ्या दिवशी रिकामी खोकी मोजत बसले. चौथ्या दिवशी सकाळी मंजुषाला फोन करून म्हणाले, “चल पोरी. माझ्याच्यानं एकट्यानं जाववत नाय.”

निकिताने दार उघडलं, खुर्च्या दिल्या. आणि ओशाळून म्हणाली, “अहो, मला पैठणीच हवी होती हो. पण सासूबाईंनी परवाच मशीन नणंदेला पाठवून दिलं. मालेगावला. आता कसं मागू?”

तिथून ते अंबडला गेले. जूनचे दोन दिवस उलटले होते. चाळीच्या शेवटच्या खोलीत रोहिणी नुकतीच आली होती, अंगावर कंपनीचा निळा कोट होता.

“या दादा. या ताई. बसा.” तिने पाणी दिलं. चहा ठेवायला उठली, तर दादा म्हणाले, नको.

“बाई, मी चुकलो,” झुंबरदादा म्हणाले. नऊ वर्षांत मंजुषाने त्यांच्या तोंडून हे दोन शब्द याआधी एकदाच ऐकले होते, आणि तेव्हा त्यांत मिजास होती. “माझ्या घरी बायकोचं मशीन हाय. पायाचं. लय चांगलं चालतं. तिनंच सांगितलंय, देऊन ये. उद्या टेम्पोनं पाठवतो.”

“आता काय करू त्याचं? ते गणवेश दुसऱ्या बाईला गेले. मी पॅकिंगला लागले. आठ तास उभं राहायचं असतं.” ती हसली. “पाय दुखतात. होईल सवय.”

“घरी ठेव. पुढच्या साली...”

“पुढच्या साली बघू, दादा. काकूंचं मशीन काकूंकडेच राहू दे. त्यांच्याही हाताला सवय असेल.”

बाहेर कुणीतरी रिक्षा धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. दादा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. उंबऱ्याशी पोचले तेव्हा रोहिणी म्हणाली, “थांबा.”

तिने फळीवरून एक पिशवी काढली. तीच पिशवी, रावजीशेठच्या दुकानाचं नाव असलेली. घडी मोडलेली नव्हती.

“ही न्या. विकायला गेले होते, तर दुकानदार म्हणाला, टीव्हीवर दिसलेली आहे, ओळखीची झाली, आता कोण घेणार? मी कुठं नेसणार? पुढच्या कुणाला द्या.” दादांनी हात पुढे केला नाही. तेव्हा तिने पिशवी त्यांच्या काखेत सारली, घरातल्या वडीलधाऱ्याला डबा द्यावा तशी. “घ्या हो. तुम्हीच म्हणता ना टीव्हीवर? रिकाम्या हातानं कुणी घरी जायचं नाही.”

तिने हे टोचून म्हटलं नाही. मंजुषाने नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं, त्या आवाजात टोचणं कुठेच नव्हतं. म्हणून ते वाक्य दादांना जास्त लागलं असावं. त्यांचे ओठ हलले, वाक्याचा पुढचा अर्धा भाग यावा तसे. पण तो आला नाही.

त्यानंतर दादांनी चादर पसरली नाही. वाहिनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. लताबाईंनी त्याला सांगितलं, ते आता नाहीत त्यात. खेळ चालू आहे. पहिलं बक्षीस आता फ्रीज असतं आणि बाकीच्यांना हात हलवत जावं लागतं. मंजुषा तो सादर करते, हसते. पण शेवटच्या डावाआधी, माईक लावताना, एखादी बाई काही सांगू लागली की ती शेवटपर्यंत ऐकून घेते आणि पोटात ठेवते.

त्या दिवशी, रोहिणीच्या दारातून निघताना, मंजुषाने रिक्षा थांबवली होती. दादा बसले नाहीत. “तू जा. मी चालतो.” अंबडहून सातपूर चालायला बराच वेळ लागतो, हे तिने सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

कारखान्यांची सुट्टी झाली होती. समोरून सायकली, निळे कोट, डबे हलवत घरी जाणारी माणसं येत होती, आणि त्यांच्यातून एक उंच, वाकलेला माणूस काखेत साडीची पिशवी धरून उलट्या दिशेला चालला होता. कुणी धडकलं की थांबायचा, पिशवी दुसऱ्या काखेत घ्यायचा, पुन्हा चालायचा. मंजुषा रिक्षात एक पाय ठेवून बघत राहिली. रोहिणीही दारात उभी होती. कोपऱ्यावर पत्र्याच्या शेडच्या आड तो माणूस दिसेनासा झाला. मग रोहिणी पायावर पाय घासत आत गेली. मंजुषा तिथेच होती.